ताडपत्रीखालची मालकी

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहरातून अधिकृतपणे संपली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी रकाने भरून हळहळ केली. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास टॅक्स्या होत्या आणि त्यांत बहुतेक पद्मिनीच. एवढ्या गाड्या गेल्या कुठे, हे मात्र फार कुणी विचारलं नाही. उत्तर रुक्ष आहे: भंगारात. टॅक्सीवाल्याच्या लेखी मोल परमिटचं, गाडीचं नव्हे. परमिटवर नवी गाडी चढली की जुनीचं लोखंड व्हायचं. म्हणून आज मुंबई-पुण्यात कुठे पद्मिनी धूळ खात उभी दिसली, तर ती बहुधा खासगी असते. कुणीतरी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतलेली.

अशा गाड्या हेरत फिरणाऱ्यांची एक छोटी जमात आपल्याकडे तयार झाली आहे. दादरची पारसी कॉलनी, गिरगावातल्या जुन्या इमारतींची मागची अंगणं, पुण्यातले डेक्कन-प्रभात रोडचे बंगले, कोल्हापूर-सांगलीकडचे वाडे, साखर कारखान्यांची आवारं, गोव्यातली सासष्टी-बार्देशातली जुनी घरं, ही त्यांची क्षेत्रं. कॅमेरा घेऊन जायचं, ताडपत्रीच्या घडीवरून गाडी ओळखायची, फोटो काढायचा. छंद निरुपद्रवी आहे आणि त्यातून बरीच माहिती गोळा झाली आहे, हे मान्यच करायला हवं. माझी तक्रार एवढीच, की या साऱ्या बघण्याचा रोख पत्र्यावर असतो. गंज किती, चाकं आहेत का, लोगो शाबूत आहे का. गाडी मुळात उभी का राहिली, याचा शोध क्वचितच घेतला जातो. तो घेतला, तर दहातल्या आठ वेळा कारण इंजिनात सापडत नाही, कपाटातल्या कागदांत सापडतं.

आपल्या रस्त्यांवर या गाड्या आल्या कशा, ते आधी थोडक्यात पाहू. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. फोर्डनेही मुंबईत कारखाना थाटला होता. त्यामुळे युद्धापूर्वीच्या आपल्या गाड्यांत अमेरिकन माल भरपूर: शेव्हरोलेट, ब्यूक, फोर्ड, डॉज; शिवाय ऑस्टिन आणि मॉरिस या इंग्रजी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लिमथ, मग फियाट निघू लागल्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ठरवलं, की नुसती जुळवाजुळव चालणार नाही, इथेच बनवण्याचा कार्यक्रम हवा. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. उरल्या त्या तीन: उत्तरपाड्याची हिंदुस्थान, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं मध्यमवर्गाची गाडी म्हणजे या तिघांपैकी एक.

ही तीस वर्षं पडून असलेल्या गाड्यांच्या कहाणीचा गाभा आहेत. नवी गाडी मिळायला वर्षं लागत, त्यामुळे जुनी टाकण्याची कल्पनाच कुणाला नव्हती. जुन्या शेव्हरोलेटचं पेट्रोल इंजिन खर्चिक वाटू लागलं, विशेषतः १९७३ च्या तेलसंकटानंतर, तेव्हा लोकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. गिअरबॉक्स अॅम्बेसेडरचा, रेडिएटर कुणा टेंपोचा, हेडलाइट जीपचे. शुद्धतावादी मंडळी या प्रकाराला नाकं मुरडतात. मला त्या फिटर लोकांचं कौतुक वाटतं. त्यांनी हात लावला नसता तर त्यातल्या निम्म्या गाड्या १९८० पाहू शकल्या नसत्या. मात्र याच कारागिरीमुळे आज त्या गाड्या कायद्याच्या एका विचित्र कचाट्यात सापडल्या आहेत, त्याकडे पुढे वळू.

मग गाडी उभी केव्हा राहते? एक कारण सुट्या भागांचं. कंपनी बुडाली की तिच्या गाड्या पोरक्या होतात. स्टँडर्ड हेरल्ड १९६१ ला मद्रासला सुरू झाली, १९७१ मध्ये संपली. तिची पुढची आवृत्ती गॅझेल १९७७ पर्यंत टिकली. त्याच कंपनीची स्टँडर्ड २००० तर तीन-चार वर्षांतच आटोपली. प्रीमियरने नव्वदच्या दशकात प्यूजोशी भागीदारी करून कल्याणला ३०९ काढली आणि तो संसारही काही वर्षांत मोडला. सिपानीची डॉल्फिन फायबरची होती, म्हणजे गंजण्याचा प्रश्नच नव्हता. पण भंगारवाल्याच्या काट्यावर फायबरला वजन नाही. म्हणून डॉल्फिन आजही एखाद्या शेडच्या कोपऱ्यात अख्खी सापडू शकते, तिचा कुणी खिळा काढलेला नसतो आणि तिला कुणी विचारतही नसतं. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरचं तसं नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला त्यांचं जवळजवळ सगळं मिळतं. तरी त्या उभ्या आहेतच. म्हणजे सुटे भाग हे खरं कारण नव्हे.

खरं कारण घरातलं आहे. गाडी वडिलांच्या नावावर. वडील गेले. नियमाप्रमाणे मालकाच्या मृत्यूची खबर आरटीओला तीस दिवसांत द्यायची आणि गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरायचा. शोकातल्या घरात हे कोण करतं? बँकेची खाती, घराचा सातबारा, विम्याचे पैसे, सगळं होतं. जुन्या फियाटची पाळी येत नाही. मग दोन भाऊ, एक बहीण. एक अमेरिकेत, एक ठाण्यात, बहिणीचं म्हणणं की बाबांची गाडी विकायची नाही. विकायची नाही म्हणजे ठेवायची असं कुणी स्पष्ट म्हणत नाही, आणि ठेवायची म्हणजे चालवायची असंही नाही. पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपलेली असते, दर पाच वर्षांनी करायचं नूतनीकरण राहिलेलं असतं, पर्यावरण कर थकलेला असतो. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण सहाशेवरून एकदम पाच हजार रुपयांवर गेलं. त्यातून जुनी नोंद आरटीओच्या रजिस्टरात शाईने केलेली असेल आणि संगणकावर चढलीच नसेल, तर आधी ती चढवण्यासाठी खेपा. गाडीची किंमत घरच्यांच्या हिशेबी वीस हजार. एवढी धावपळ वीस हजारांसाठी कोण करणार? म्हणून ताडपत्री.

वर्षांमागून वर्षं जातात. टायर बसतात, उंदीर सीटच्या काथ्यात घर करतात, डिकीत पाणी साचतं. शेजारी सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय काढतात. अशा वेळी बाहेरचा माणूस त्या गाडीकडे बघतो आणि म्हणतो, बेवारस दिसते. वारस मात्र तीन असतात, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

हेरणाऱ्याने काय पाहावं, याबद्दल चार कामाच्या गोष्टी सांगता येतील. पहिली, नंबरप्लेट. 'एमएच' मालिका १९८९ ची. त्याआधीची तीन अक्षरी पाटी दिसली तर गाडी किमान पस्तीस वर्षांची, हे पत्रा न बघताही कळतं. गाडी पाटीपेक्षा जुनीही असू शकते, कारण राज्य बदललं की नंबर बदलतो. मग बांधा. पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले आणि नाक गोलसर असेल तर ती पन्नाशीच्या दशकातली 'डुक्कर फियाट'. तीच फियाट सरळ रेषांत, चौकोनी अंगाने आली की १९६४ नंतरची डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. हेरल्डचं अख्खं बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, तिला वेगळी चासी आहे, आणि बहुधा तीच आधी सडते. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिचं अंगच तिचा सांगाडा. म्हणून पद्मिनीच्या बाबतीत रंगापेक्षा फ्लोअर, दरवाजाखालची पट्टी, बॅटरीचा ट्रे आणि हेडलाइटभोवतीचा पत्रा पाहावा. तिथे बोट आत गेलं तर खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट होणार. युद्धापूर्वीच्या गाड्यांत आणखी एक भानगड असते: वरून पत्रा, आतून लाकडी चौकट. आपल्या हवेत पत्र्याआधी ती वाळवीने संपते. दार उघडताना खाली झुकलं, तर समजावं.

कोकण आणि गोव्याची खारी हवा हा स्वतंत्र विषय आहे. डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती आणि आयातीवर आपल्यासारखे निर्बंध नव्हते. खनिजाचा पैसाही होता. मुंबईकर फियाटसाठी नंबर लावत होते तेव्हा पणजी-मडगावात मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होती. त्यातल्या काही आजही पोर्चमध्ये आहेत, पण समुद्राने त्यांचा घास घेतलेला आहे. उलट देशावरच्या कोरड्या हवेत, पंढरपूर-सोलापूरकडे, तीस वर्षं उभी राहिलेली गाडीही आश्चर्य वाटावं इतकी घट्ट असते.

परदेशातल्या शोधांच्या बातम्या आपल्याकडे फार चवीने वाचल्या जातात. फ्रान्सच्या पश्चिम भागात रॉजर बायों या वाहतूक व्यावसायिकाने जमवलेल्या साठ गाड्या पडक्या शेडमध्ये सापडल्या आणि ६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा लिलाव झाला. जुन्या मासिकांच्या ढिगाखाली गाडली गेलेली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर, एके काळी अभिनेता आलँ दलोंकडे असलेली, १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. इंग्लंडमध्ये न्यूकासलच्या एका गॅरेजात साधारण १९६० पासून उभी असलेली बुगाटी ५७ एस अटलांट २००९ मध्ये ३४ लाख युरोंना विकली गेली. अमेरिकेत नेब्रास्कातल्या पिअर्स गावी २०१३ मध्ये लँब्रेक्ट शेव्हरोलेट या बंद पडलेल्या दुकानाच्या सुमारे पाचशे गाड्यांचा लिलाव झाला. त्यांत कधीच न विकल्या गेलेल्या, काही मैलच चाललेल्या गाड्याही होत्या. या तिन्ही ठिकाणी गाड्या हरवल्या होत्या असं म्हणणं खोटं आहे. प्रत्येकीचा मालक ठाऊक होता, घरच्यांना ठाऊक होतं, बहुतेकदा शेजाऱ्यांनाही. 'सापडली' ती फक्त बाजाराला.

अशा बातम्यांमागे दंतकथाही वाहत येतात. बेल्जियममध्ये शातियोंच्या जंगलात झाडांमध्ये गंजत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग जगभर गाजली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक त्या सोडून गेले, अशी गोष्ट सांगितली जाई. फोटो नीट पाहिले की तिच्यातली हवा जाते, कारण कित्येक गाड्या युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी बनलेल्या. आपल्याकडे अलवरच्या महाराजांनी रोल्स-रॉइस कचरा उचलायला लावल्याची कथा अशीच. ती सांगणारे अनेक, कागद दाखवणारा कुणी नाही. कोल्हापूरला मात्र संस्थानी गाडीचं एक उदाहरण डोळ्यांदेखत आहे: छत्रपतींची भगव्या रंगाची मेबॅक शाही दसऱ्याच्या सोहळ्यात आजही निघते. तिला वर्षातून एकदा काम आहे, म्हणून तिच्याकडे वर्षभर लक्ष आहे. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर ज्या संस्थानी गाड्यांना असं कामच उरलं नाही, त्यातल्या कित्येक परदेशी गेल्या, आणि १९५० पूर्वीच्या गाड्यांच्या निर्यातीवर निर्बंध आल्यानंतर उरलेल्या इथल्याच गॅरेजांत राहिल्या.

माझी आवडती गोष्ट मात्र मॅगिओरे सरोवरातल्या बुगाटीची. १९२५ ची ब्रेशिया. स्वित्झर्लंडमध्ये तिच्यावरचा आयातकर थकला, मालकाचा पत्ता नाही, म्हणून ती साखळीला बांधून पाण्यात सोडण्यात आली असं सांगतात. साखळी तुटली, गाडी तळाला गेली. जुलै २००९ मध्ये ती वर काढली गेली आणि जानेवारी २०१० मध्ये २ लाख ६० हजार ५०० युरोंना विकली गेली. घेणाऱ्या संग्रहालयाने तिला दुरुस्त केलं नाही. जशी आली तशी, अर्धी विरघळलेली, ठेवली. थकलेल्या कराने गाडी बुडवली, याहून आपल्या मुद्द्याला जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे सरकारी अर्थाने बेवारस गाड्यांची खाती वेगळी आहेत. महापालिका रस्त्यावरच्या गाडीला नोटीस चिकटवते, मुदतीत कुणी आलं नाही तर उचलते, पुढे लिलाव. तिथे क्लासिक आणि खटारा असा भेद नाही. काट्यावर दोन्ही लोखंडच. पोलीस ठाण्यांतल्या मुद्देमालाच्या गाड्या आणखी वाईट अवस्थेत असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट सांगितलं, की जप्त वाहनं ठाण्यांत वर्षानुवर्षं सडवण्यात अर्थ नाही. फोटो आणि पंचनामा करून ती योग्य हमीवर परत द्यावीत, कुणी दावा केला नाही तर लिलाव करावा. एवढं होऊनही कुठल्याही तालुक्याच्या ठाण्यामागे वेलींनी वेढलेली रांग दिसते. तिसरं खातं सरकारी कार्यालयांचं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी वाढवली जात नाही. निर्लेखनाच्या फाइलीत अडकलेल्या पांढऱ्या अॅम्बेसेडर जिल्हा परिषदांच्या आवारात अजून दिसतील, पण फार दिवस नाही.

एखादी गाडी खरंच मिळवली, कागद झाले, पुढे काय? आपल्याकडे नव्वद टक्के लोकांचं उत्तर: चकचकीत करायची. सगळा रंग खरवडायचा, पुटी भरायची, मूळ फिकट निळा जाऊन लाल-पांढरा दुरंगी रंग मारायचा, आत चामड्याच्या सीटा, डॅशबोर्डवर टच स्क्रीन. लग्नाच्या वरातीसाठी छान. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांच्या महासंघाने, फिवाने, ट्यूरिनची सनद म्हणून जी तत्त्वं मान्य केली, ती याच्या उलट सांगतात: आधी जपणूक, मग गरजेपुरती दुरुस्ती, पुनर्बांधणी सर्वात शेवटी. बायोंच्या फेरारीला धुळीसकट किंमत आली, ती या विचारामुळे. इथे मी पूर्ण सनदेच्या बाजूचा आहे. मूळ सीटचं रेक्झिन, कारखान्यातला रंग, काचेवरचं जुनं टॅक्स टोकन, हे एकदा गेलं की पुन्हा बनत नाही. फोटो काढणाऱ्यांनीही इथे जरा जपावं. जागेचा पत्ता देऊन फोटो टाकला की आठवड्यात लोगो, व्हीलकॅप आणि आरसे गायब होतात आणि रविवारी जुन्या बाजारात फडक्यावर मांडले जातात. उभ्या गाडीचा मूठभर भाग काढणं ही चोरीच आहे, ती कितीही 'बेवारस' दिसो.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, आणि इथे मला सरकारशी सरळ भांडायचं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. शुल्क वीस हजार, दहा वर्षांची मुदत, पुढचं नूतनीकरण पाच हजार. गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. वाईट नाही. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे १९७३ नंतर डिझेल इंजिन बसवून जिवंत ठेवलेली ती शेव्हरोलेट या दारातून आत जाऊ शकत नाही. आणि दुसरी अडचण वयाची. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये कुठे पन्नाशीला पोचली. १९९० ची प्रीमियर ११८ एनई पोचेल २०४० मध्ये. वीस वर्षांनंतर मोडीत काढण्याचं धोरण खासगी गाडीमागे फिटनेसचा तगादा लावतं आणि पन्नास वर्षांनंतर विंटेजचा नियम तिला मान देतो. मधल्या तीस वर्षांत तिच्यासाठी काहीच नाही. दिल्लीत तर पेट्रोल गाडीला पंधराच वर्षांची मर्यादा घातली गेली. याच तीस वर्षांत गाड्या ताडपत्रीखाली जातात, आणि आत्ता जे हेरले जाताहेत ते नेमके याच वयाचे नमुने आहेत. तीस वर्षांवरच्या, न बदललेल्या गाडीला कमी शुल्काची, मर्यादित वापराची नोंदणी द्यायला काय हरकत आहे? फिवाची ऐतिहासिक वाहनाची व्याख्या तीस वर्षांपासूनच सुरू होते. आणि त्याच अर्जात वारसांपैकी कुणा एकाच्या नावावर, बाकीच्यांच्या संमतीपत्रावर, गाडी चढवण्याची सोय केली तर आरटीओचं काम वाढणार नाही, उलट कमी होईल.